विमा पोलिसाला दाखवायचा की सातबारा वाचवायचा?



गाडीचा विमा संपत आला की आपल्या गावात एकच प्रश्न विचारला जातो, "सगळ्यांत कमी कितीला बसेल?" एजंट आकडा सांगतो, आपण घासाघीस करतो, दोन-चारशे रुपये कमी झाले की खूश होतो. पॉलिसीचे कागद घडी घालून ट्रॅक्टरच्या पेटीत किंवा मोटारसायकलच्या सीटखाली जातात. नाक्यावर हवालदाराने हात केला की बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. वर्षभरात ते कागद कोणी वाचत नाही.

बियाण्याची पिशवी घेताना आपण वाण विचारतो, लॉट नंबर बघतो, उगवणीची टक्केवारी बघतो. औषधाच्या बाटलीवरचा त्रिकोण लाल की पिवळा ते बघतो. मग जो कागद घरदार वाचवणार किंवा बुडवणार, तो न वाचता का घेतो? कारण आपल्या मनात तो विमा नसतोच, दंड चुकवायची पावती असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाविमा गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २ हजार आणि पुढच्या वेळी ४ हजार रुपये झाला, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आपण २ हजारांच्या दंडाला भितो आणि त्या दंडापायी विमा काढतो. पण खरी भीती २ हजारांची नाही. ती कुठे आहे ते आधी पाहू.

कलम १७४ काय म्हणते

मोटार वाहन कायदा, १९८८. त्याचे कलम १७४ प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याने घराच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे. अपघाताची भरपाई देण्याचा हुकूम झाला आणि ज्याने द्यायची त्याने दिली नाही, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याला दाखला पाठवते. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करतो.

महसुलाची थकबाकी म्हणजे काय हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. नोटीस, जप्ती, लिलाव. म्हणजे ट्रॅक्टरचा अपघात रस्त्यावर होतो, पण घाव पडतो सातबाऱ्यावर. शहरातल्या नोकरदाराकडे जप्त करण्यासारखे उघड्यावर फारसे नसते. शेतकऱ्याची सगळी मिळकत गावाच्या चावडीत लिहिलेली असते, गट नंबर आणि क्षेत्रासकट.

आणि ही रक्कम असते तरी किती? समजा, ३२ वर्षांचा एक मजूर अपघातात दगावला. महिन्याची कमाई १२ हजार. मागे बायको, दोन लेकरे आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत भरपाईचा हिशोब ठरवून दिला आहे. वर्षाची कमाई १ लाख ४४ हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के अधिक, म्हणजे २ लाख १ हजार ६००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा, उरले १ लाख ५१ हजार २००. त्या वयाला गुणक १६. गुणाकार करा: २४ लाख १९ हजार २०० रुपये. अंत्यविधी वगैरे बाबींचे पैसे आणि व्याज वेगळेच.

ही रक्कम अन्यायाची नाही. गेलेला मजूर आपल्याच गावचा असतो आणि त्याच्या लेकरांना ती मिळालीच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की ती कंपनीच्या तिजोरीतून जाणार की तुमच्या दोन एकरांतून. याचे उत्तर अपघाताच्या दिवशी ठरत नाही. विमा काढताना तुम्ही कोणत्या रकान्यात खूण केली, तिथे ते ठरलेले असते.

'थर्ड पार्टी' आणि 'फुल' यांत फरक कशाचा

गावात दोन शब्द चालतात, 'थर्ड पार्टी' आणि 'फुल'. बहुतेकांची समजूत अशी की थर्ड पार्टी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, आणि फुल म्हणजे वर आपल्या गाडीचा पत्रा. म्हणून गाडी जुनी झाली की लोक म्हणतात, "आता पत्र्याचा काय विमा काढायचा?" आणि थर्ड पार्टीवर येतात. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माणसे बुडतात.

मोटारसायकल घ्या. मागे घरधनीण बसली आहे. तुमच्याच चुकीने गाडी घसरली आणि तिला लागले. विमा फक्त थर्ड पार्टीचा असेल तर कंपनी तिची भरपाई द्यायला बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितले. पॉलिसी पॅकेज असेल, म्हणजे ज्याला आपण फुल म्हणतो ती असेल, तर मागे बसणारा आणि मोटारीतले प्रवासी तिच्यात येतात. विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ मध्ये तसे परिपत्रक काढले आणि २०१२ साली न्यायालयानेही ते उचलून धरले. म्हणजे पॅकेज सोडताना तुम्ही नुसता पत्रा सोडत नाही, आपली बायकापोरेही सोडता. एजंट हे सांगत नाही, कारण आपण विचारत नाही. आपण विचारतो ते फक्त "कितीला?"

दुसरी बारीक गोष्ट. रस्त्यावर दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, एस.टी.ला धडक बसली, कुणाच्या दुकानाची भिंत पडली, तर मोटारीच्या आणि व्यापारी वाहनाच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंतचे संरक्षण असते, दुचाकीला १ लाखाचे. पण हीच मर्यादा ६ हजारांवर आणून हप्त्यात शंभर-दोनशे रुपयांची सूट देण्याची सोय आहे. घासाघिशीत मिळालेली 'सवलत' कधी कधी हीच असते. शंभर-दोनशे रुपयांना आपण साडेसात लाख विकून टाकतो आणि वर एजंटला चहा पाजतो.

ट्रॉलीत बसलेली माणसे कोणाची?

आता मुख्य दुखणे. तोडणीला निघालेली टोळी, खुरपणीहून परतणाऱ्या बाया, लग्नाचे वऱ्हाड, पंढरीची वारी. सगळे जाते ट्रॉलीतून. आणि ट्रॉलीत बसलेल्या माणसाला ट्रॅक्टरच्या साध्या विम्यात जागाच नाही. ट्रॅक्टरला कायद्याच्या लेखी सीट एकच, चालकाची. मडगार्डवर बसलेला भाऊ आणि ट्रॉलीतली मजूर बाई दोघेही विम्याच्या बाहेर.

भाजी घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाजाराला निघालेल्या विक्रेत्याच्या मृत्यूचे प्रकरण २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने सांगितले, ट्रॅक्टर शेतीकामासाठी आहे, त्याला जोडलेली ट्रॉलीही शेतीकामासाठीच वापरली पाहिजे. कंपनी देणे लागत नाही. २००७ साली वीटभट्टीच्या मातीकामावरच्या एका मजुराचे प्रकरण आले. पुन्हा तेच: कंपनीची जबाबदारी नाही. मजूर गरीब आणि जबर जखमी, म्हणून न्यायालयाने आपला खास अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला लावले, पण ते मालकाकडून वसूल करायची मुभा दिली. मजुराला न्याय मिळाला तो मालकाच्या खिशातून.

तुमच्या पॉलिसीवर 'वापराची मर्यादा' असा एक मजकूर असतो. तो वाचा. तिथे शेतीकाम असे लिहिले असेल आणि तुम्ही कारखान्याचा ऊस भाड्याने ओढत असाल, मुरूम-वाळू वाहत असाल, तर अपघात झाल्यावर कंपनीचा वकील पहिल्यांदा तेच वाक्य कोर्टात वाचून दाखवणार. भाड्याचे काम करायचे असेल तर नोंदणी आणि विमा दोन्ही त्या कामाचे हवेत. हप्ता जास्त बसेल. तो धंद्याचा खर्च आहे, वाहतुकीच्या दरात धरा आणि कारखान्याकडून वसूल करा. डिझेल भरताना आपण असे म्हणत नाही की निम्म्या टाकीवर भागवू.

ट्रॉलीही कायद्याने वेगळे वाहन आहे. तिचा नंबर पॉलिसीत लिहिलेला आहे का ते बघा. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींचा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा आपोआप होत नाही.

पिकअप किंवा छोटा हत्ती असेल तर गोष्ट थोडी वेगळी. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीत मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात आला. स्वतःचे टोमॅटो घेऊन केबिनमध्ये बसून मार्केटला जाणारा शेतकरी त्यात बसतो. पण "चला, वाटेत सोडतो" म्हणून फुकट घेतलेला पाहुणा बसत नाही, हे २००२ च्या निकालाने पक्के झाले. आपली माणुसकी कंपनीच्या लेखी 'शर्तभंग' ठरते.

ट्रॅक्टर बापाच्या नावावर, स्टिअरिंगवर मुलगा

२०१८ च्या सप्टेंबरपासून मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा झाला. त्याआधी दुचाकीला १ लाख आणि मोटारीला २ लाख इतकाच होता. पण शब्द नीट वाचा: मालक-चालक. म्हणजे गाडी ज्याच्या नावावर तोच चालवत असला पाहिजे आणि त्याच्याकडे लायसन्स असले पाहिजे. आपल्याकडे ट्रॅक्टर म्हाताऱ्याच्या नावावर, कारण सातबारा त्याच्या नावावर आणि कर्जही त्याच्याच नावावर. म्हाताऱ्याकडे लायसन्स नाही. चालवतो धाकटा. तो ट्रॅक्टरखाली सापडला तर १५ लाख कुणाचे? कुणाचेच नाहीत.

थर्ड पार्टीतूनही त्याला मिळत नाही. मागून घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून दगावलेल्या माणसाचे प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. न्यायालय म्हणाले, गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा असतो, तो तिसरा पक्ष नव्हे. २०२० मध्ये पुन्हा तोच न्याय लागला.

उपाय सोपा आहे. चालवणाऱ्याच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे; तो घरातल्या प्रत्येकाच्या बँक खात्यावर हवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २ लाखांचे सानुग्रह अनुदान आहे. पण दोन-दोन लाखांवर संसार चालत नाही. त्यावर मोठ्या रकमेचा विमा चालकाच्या नावे घ्या, आणि लायसन्स काढा. लायसन्स नसताना अपघात झाला तर कंपनी पैसे भरते आणि मागून मालकाकडून वसूल करते. पुन्हा कलम १७४. पंधरा वर्षांचा पोरगा ट्रॅक्टर झोकात चालवतो याचे कौतुक करणाऱ्या बापाने २०१९ चे कलम १९९-अ ऐकून ठेवावे: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

फवारणीचा नियम विम्याला लावा

कोणी म्हणेल, हा तर कंपन्यांचा प्रचारक झाला, सगळेच घ्या म्हणतो. नाही. नको ते घेऊच नका असे मी म्हणतो, आणि त्यासाठी शेतीशास्त्रातलाच नियम वापरतो.

गुलाबी बोंडअळीचा एक पतंग दिसला म्हणून आपण पंप उचलत नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले की फवारतो. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा मोठे होणार असेल तरच खर्च. विम्यालाही हेच लागू आहे. जे नुकसान आपण एका हंगामात भरून काढू शकतो त्याचा विमा काढणे म्हणजे एका पतंगासाठी फवारणी. जे नुकसान पिढीला उठू देणार नाही त्याचा विमा टाळणे म्हणजे बोंडे पोखरली तरी पंप न उचलणे. आपण नेमके उलटे करतो. काच फुटली, बंपर गेला याची चिंता करतो आणि २४ लाखांची जोखीम उघडी ठेवतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हिशोब असा. गाडीची विमा रक्कम दरवर्षी उतरते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. दुरुस्तीत टायर, ट्यूब, बॅटरी, रबर, प्लॅस्टिक यांचे निम्मेच पैसे मिळतात. व्यापारी वर्गातल्या वाहनात दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंग यांचे पैसे 'आय.एम.टी. २३' हे कलम जास्त हप्ता देऊन जोडले नसेल तर मिळतच नाहीत. ट्रॅक्टर त्याच वर्गात मोडतो.

म्हणून माझे म्हणणे असे. कर्जाचा नवा ट्रॅक्टर, नवी पिकअप, नवी मोटार: पॅकेजच, आणि विमा रक्कम खरी, हप्ता कमी करायला ती खाली ओढू देऊ नका. बँकेने काढलेला विमा आधी बँकेचे कर्ज वाचवतो हे लक्षात ठेवा. कर्ज फिटले की बँकेचा तगादा थांबतो आणि विमाही सुटतो; तसे होऊ देऊ नका. दहा-बारा वर्षांचा, स्वतःच्याच शेतात फिरणारा ट्रॅक्टर: पत्र्याचा विमा सोडलात तरी चालेल, पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आणि चालकाचा अपघात विमा सोडू नका. जुनी जीप, जिच्यात घरची माणसे बसतात: शक्यतो पॅकेज, नाहीतर निदान प्रवाशांचा अपघात विमा जोडून घ्या. मोटारसायकलचाही तोच नियम, कारण तिची मागची सीट कधी रिकामी नसते.

नदीकाठच्या भावांसाठी आणखी एक. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात गाड्या पाण्याखाली गेल्या. थर्ड पार्टीवाल्याला पुराचा एक पैसा मिळत नाही. पॅकेजवाल्याला मिळतो, पण पाणी गेलेले इंजिन सुरू करून पाहिले आणि ते आतून मोडले, तर त्याचे पैसे इंजिनाचा जादा विमा नसेल तर नाकारले जातात. पाण्यातून काढलेल्या गाडीला किल्ली लावू नका, ओढत न्या.

सरकार आणि कंपन्यांना सवाल

दोष शेतकऱ्याचा एकट्याचा नाही. या देशात थर्ड पार्टी विम्याची सक्ती १९४६ पासून आहे. हप्ता सरकार ठरवते. २०२२ च्या जूनमध्ये १००० ते १५०० सी.सी.च्या मोटारीला ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला ७१४ रुपये ठरवला. घ्यायची सक्ती सरकारची, दर सरकारचा, आणि वर मोटारीला व दुचाकीला १८ टक्के जीएसटीही सरकारचा. जे घेतल्यावाचून रस्त्यावर येताच येत नाही त्यावर कर लावणे म्हणजे श्वासावर जकात बसवण्यासारखे आहे.

दुसरा सवाल. ट्रॉलीतून मजूर जातात हे आर.टी.ओ.ला दिसते, कारखान्याला दिसते, कंपनीच्या सर्व्हेयरला दिसते. न दिसल्याचे सोंग सगळे करतात, कारण बुडतो तो मालक नाहीतर मजूर. शेतावर जाणाऱ्या मजुरांना सामावून घेणारा, माणशी हप्त्याचा विमा ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ठरलेल्या दराने का मिळू नये? हप्ता द्यायला आम्ही तयार आहोत. आणि मजुरांना गावातून शेतावर नेण्याची दुसरी सोय आहे का, हेही सरकारने सांगावे.

तिसरा. पॉलिसी इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत का? कशाचा विमा आहे, कशाचा नाही, हे एका पानावर मराठीत छापून, सही घेऊन द्या. सही आमची मागता तर भाषाही आमची ठेवा.

बैठकीला येताना काय आणायचे

भाषणे पुरे. पुढच्या तालुका बैठकीला प्रत्येकाने आपल्या गाड्यांच्या पॉलिसी घेऊन यायचे. गावातल्या एका शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने त्या मोठ्याने वाचायच्या. सात गोष्टी तपासायच्या: थर्ड पार्टी की पॅकेज; वापराची मर्यादा; ट्रॉलीचा नंबर; मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख की ६ हजार; मालक-चालक विमा आणि प्रत्यक्ष चालक कोण; लायसन्स; आणि पॉलिसी कुणाच्या नावावर. जुनी गाडी घेतली असेल तर आर.सी. बुक आणि विमा दोन्ही आपल्या नावावर झाले पाहिजेत. विम्यासाठी कंपनीला चौदा दिवसांत कळवावे लागते. ज्याने विकली त्यानेही नाव उतरले की नाही ते बघावे. नोंदणीत ज्याचे नाव तोच देणेकरी, असे २०१८ चा निकाल सांगतो.

कंपनीने दावा खोटी कारणे देऊन नाकारला तर गप्प बसू नका. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग मुंबई-पुण्याला विमा लोकपाल आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी असे अर्ज लिहून देण्याचे काम अंगावर घ्यावे.

हप्ता कमी कितीला बसेल हे विचारणे यापुढे बंद करू. एजंट दारात आला की विचारायचे, "उद्या माझ्या हातून रस्त्यावर माणूस गेला, तर माझी जमीन राहील का?" त्याने हो म्हटले तर कुठल्या ओळीत तसे लिहिले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगायचे. ओळ दाखवली तरच पैसे मोजायचे.